बॉस्फरसवरची डिनर क्रूझ : घ्यावी की सोडावी

इस्तंबूलच्या सहलीची आखणी करताना आमच्या घरात सर्वांत जास्त चर्चा झाली ती बॉस्फरस या सामुद्रधुनीवरच्या डिनर क्रूझची. आया सोफिया, तोपकापी राजवाडा किंवा निळी मशीद पाहायची की नाही असा प्रश्नच नव्हता. तिथे फक्त दिवस आणि वेळ ठरवायची होती. क्रूझचे तसे नव्हते. संध्याकाळी हॉटेलवर गाडी येते, धक्क्यावर नेऊन बोटीत बसवते, बोट युरोप आणि आशिया या दोन खंडांच्या मधून फिरत राहते, जेवण वाढले जाते, जेवताना दरवेशाचे, म्हणजे सूफी साधकाचे, गिरक्या घेणे, तुर्की लोकनृत्ये आणि बेली डान्स होतो आणि मध्यरात्रीच्या आसपास गाडी परत हॉटेलवर सोडते. एकाच रात्री इतके सारे मिळते म्हणून ते घ्यावे, की इतके सारे एकत्र कोंबले आहे म्हणून त्यातले काहीच धड मिळणार नाही असे धरून चालावे, हे जाहिराती वाचून काही केल्या ठरेना.

आम्ही तिघे जाणार होतो: मी, माझे पती आणि माझ्या सासूबाई. सासूबाईंनी सत्तरी ओलांडली आहे, त्या शाकाहारी आहेत आणि गुडघ्यांमुळे त्यांना चढउतार फार जमत नाही. इस्तंबूल हे टेकड्यांचे शहर आहे आणि तिथल्या जुन्या वस्तीतले दगडी रस्ते रात्रीच्या वेळी थकलेल्या पायांना त्रासदायक ठरतात. म्हणून रात्रीचा कोणताही कार्यक्रम ठरवताना आधी त्यांच्या सोयीचा विचार करावा लागणार होता. सहल ऑक्टोबरच्या उत्तरार्धात होती आणि पुढे दिसेल त्याप्रमाणे या महिन्याचा निर्णयाशी बराच संबंध होता.

सुरुवातीला मी वेगवेगळ्या संकेतस्थळांवरची वर्णने शेजारीशेजारी ठेवून वाचली, तेव्हा लक्षात आले की नावे आणि दर वेगळे असले तरी छायाचित्रांतले रंगमंच, खुर्च्यांची आवरणे आणि खिडक्यांचे पडदे अनेक ठिकाणी तेच आहेत. म्हणजे बोट एक, ती विकणारे अनेक. त्यामुळे अमुक नावाची क्रूझ चांगली आणि तमुक नावाची वाईट, असे लोकांचे अभिप्राय वाचून ठरवण्यात अर्थ उरला नाही. बोट कोणती, ती कोणत्या धक्क्यावरून सुटते आणि आपले टेबल नेमके कुठे असेल, हे तीन प्रश्न नावापेक्षा महत्त्वाचे होते. दर बहुतेक ठिकाणी युरोमध्ये दिलेले होते आणि सर्वांत खालचे पॅकेज व सर्वांत वरचे पॅकेज यांच्यात दुपटीहून अधिक फरक होता. तो फरक मुख्यतः दोनच गोष्टींचा होता: टेबल रंगमंचाजवळ की मागे, आणि मद्य धरून की मद्याविना. आम्ही तिघेही मद्य घेत नाही, त्यामुळे अर्धा प्रश्न आपोआप सुटला.

विकणारा विश्वासार्ह आहे की नाही हे पाहण्याचा एक सोपा मार्ग तिथे आहे आणि तो सर्वांनी वापरावा असे मला मनापासून वाटते. तुर्कस्तानात सहली विकणाऱ्या संस्थेला १९७२ च्या कायद्याप्रमाणे परवाना घ्यावा लागतो आणि तुरसाब या प्रवासी संस्थांच्या संघाचे सदस्य व्हावे लागते. या सदस्यत्वाचा क्रमांक कार्यालयात आणि संकेतस्थळावर दिलेला असतो. सुलतानअहमेत आणि एमिनोनू भागांत रस्त्यात थांबवून क्रूझची तिकिटे विकणारे बरेच भेटतात; त्यांच्यापैकी ज्याने हा क्रमांक दाखवायला टाळाटाळ केली त्याच्याशी आम्ही पुढे बोललोच नाही.

यानंतर मी त्या पॅकेजचे मनातल्या मनात तीन तुकडे केले: बोटीतला फेरफटका, जेवण आणि करमणूक. प्रत्येक तुकडा वेगळा घेतला तर काय मिळते, ते पाहायचे ठरवले.

फेरफटक्याचे उत्तर सर्वांत लवकर मिळाले. इस्तंबूलमध्ये शेहिर हातलारी या सार्वजनिक सेवेच्या फेरीबोटी दिवसभर दोन्ही किनाऱ्यांमध्ये ये-जा करतात आणि बस-ट्रामला चालणारे इस्तंबूलकार्त हे कार्ड त्यांनाही चालते. एमिनोनूहून उस्कुदारला जाणारी फेरी थोड्याच वेळात युरोपातून आशियात नेऊन सोडते आणि तिचे भाडे क्रूझच्या दरापुढे नगण्य असते. पोहोचल्यानंतर लगेच आम्ही सूर्यास्ताच्या वेळी ही फेरी केली. बाहेरच्या बाकावर बसून, कमनीय काचेच्या छोट्या पेल्यातला चहा घेत आम्ही सुलेमानिये मशिदीचे घुमट आणि गालाता मनोरा मावळतीच्या प्रकाशात पाहिले. सासूबाईंना ती फेरी इतकी आवडली की उस्कुदारला न उतरता तसेच परत जाता येईल का, असे त्यांनी विचारले. तसे करता येत नाही. उतरून पुन्हा कार्ड लावून आत यावे लागते, आणि ते आम्ही केले. तुम्हाला फक्त पाणी, वारा आणि शहराचे दर्शन हवे असेल, तर हा प्रश्न इथेच संपतो. क्रूझची गरज नाही.

परंतु ही फेरी बॉस्फरसच्या तोंडाशीच फिरते. ही सामुद्रधुनी काळ्या समुद्रापासून मार्मारा समुद्रापर्यंत सुमारे ३० किलोमीटर लांब आहे आणि दोन्ही काठांवरचे राजवाडे, जुने लाकडी वाडे, किल्ले आणि पूल उत्तरेकडे गेल्याशिवाय दिसत नाहीत. त्यासाठी याच सेवेच्या बॉस्फरस सहली आहेत, त्यांतली मोठी सहल पार अनादोलू कावाया या गावापर्यंत जाते. पण त्या दिवसाच्या असतात. दिव्यांनी उजळलेला किनारा पाहायचा असेल, तर रात्रीची बोट हवी.

इथे महिन्याचा प्रश्न येतो. तुर्कस्तानाने २०१६ पासून घड्याळ मागेपुढे करणे सोडून दिले आहे. जूनअखेर इस्तंबूलमध्ये सूर्य साडेआठ वाजून गेल्यावर मावळतो, तर डिसेंबरात साडेपाच-पावणेसहाच्या सुमारासच मावळतो. बहुतेक डिनर क्रूझ साडेआठ-नऊच्या सुमारास सुटतात. म्हणजे जाहिरातीतली केशरी आभाळाची छायाचित्रे फार तर उन्हाळ्यातल्या प्रवाशाच्या वाट्याला येऊ शकतात. आम्ही जाणार होतो त्या ऑक्टोबरात सूर्य सहाच्या आसपासच मावळत होता आणि बोट सुटताना मिट्ट काळोख असणार हे नक्की होते. विक्रेत्यांनी हे स्वतःहून सांगितले नाही. विचारल्यावर मात्र कोणी नाकारलेही नाही.

जेवणाचा तुकडा आमच्यासाठी थोडा नाजूक होता. मुख्य पदार्थ मासा, कोंबडी, कोफ्ते किंवा शाकाहारी यांपैकी निवडायचा असतो, आणि शाकाहारी म्हणजे नेमके काय, याचे उत्तर प्रत्येकाने वेगळे दिले. तुर्की भात लोण्यात आणि पुष्कळदा कोंबडीच्या रश्श्यात शिजवतात, हे मी आधी वाचले होते, म्हणून त्याबद्दल वेगळे विचारले. एका ठिकाणी फोनवरच्या बाईंनी प्रामाणिकपणे सांगितले, “भात घेऊ नका. भाज्या आणि मेझे चालतील, तेवढ्याची मी नोंद करते.” मेझे म्हणजे जेवणाच्या सुरुवातीचे छोटे थंड पदार्थ. मला हे उत्तर फार आवडले. जिथे सगळ्याच प्रश्नांना ‘हो, काही अडचण नाही’ असे उत्तर मिळत होते, तिथे एकीने तरी काय चालणार नाही ते सांगितले. शेवटी आम्ही त्यांच्याकडेच बुकिंग केले आणि त्यामागे हे एक मोठे कारण होते.

त्यांनाच मी बाकीचे प्रश्न विचारले. टेबल फक्त आमचे असेल की दुसऱ्यांबरोबर वाटून घ्यावे लागेल? खिडकीजवळ मिळेल का? वरचा डेक उघडा आहे का आणि तिथे जाण्याचा जिना किती उभा आहे? स्वच्छतागृह कोणत्या मजल्यावर आहे? गाडी हॉटेलच्या दारापर्यंत येते की कोपऱ्यावर थांबते? आणि वादळ झाले तर काय? शेवटचा प्रश्न अनावश्यक वाटेल, पण शरद ऋतूत आणि हिवाळ्यात इस्तंबूलमध्ये लोदोस नावाचा दक्षिणेचा वारा सुटतो आणि तो जोरात असला की शहरातल्या फेरीबोटीसुद्धा बंद ठेवतात. बोट सुटली नाही तर दुसरा दिवस किंवा पूर्ण पैसे परत, असे त्यांनी लेखी कळवले. म्हणून मी क्रूझ मुक्कामाच्या अखेरच्या रात्री ठेवली नाही. दुसरा दिवस घ्यायची वेळ आली असती तर हाताशी दिवस उरला पाहिजे होता.

करमणुकीच्या तुकड्याबद्दल आमच्यात मतभेद होता. पतींचे म्हणणे असे की बोटीवरचा कार्यक्रम हा पर्यटकांसाठी बेतलेला असतो, तो पाहायला एवढे पैसे का द्यावेत. माझे म्हणणे असे की वेगळ्या नाट्यगृहात लोकनृत्ये, वेगळ्या ठिकाणी सेमा, म्हणजे दरवेशांचे ते गिरक्या घेणे, आणि वेगळ्या उपाहारगृहात जेवण करायचे, तर दोन-तीन रात्री आणि बरेच चालणे लागेल, आणि ते सासूबाईंना जमणार नाही. अखेरीस सासूबाईंनीच निकाल दिला. त्या म्हणाल्या, “अगं, एका जागी बसून सगळं दिसणार असेल तर जाऊ या. नाही आवडलं तर पाणी तर आहेच बघायला.” आम्ही मधले पॅकेज घेतले: मद्य नाही, टेबल रंगमंचापाशी नाही, पण खिडकीला लागून.

ठरलेल्या रात्री गाडी वेळेवर आली, मात्र वाटेत इतर हॉटेलांतून लोक घेत घेत काबाताशच्या धक्क्यावर पोहोचायला बराच वेळ गेला. जाहिरातीत जो अवधी दिलेला असतो त्यात बोट धक्क्याला बांधलेली असतानाचा वेळही मोजलेला असतो. आम्ही स्थानापन्न झाल्यानंतर इतर गाड्यांतले लोक येईपर्यंत अर्धा तास तरी बोट जागची हलली नाही. तेवढ्यात मेझे मांडून झाले होते: घट्ट दह्याचे हायदारी, भाजलेल्या वांग्याचे कोशिंबिरीसारखे मिश्रण, टोमॅटो-मिरचीची तिखट एझ्मे, पांढरे चीज आणि ऑलिव्ह तेलातली भात भरलेली द्राक्षाची पाने. या थंड पदार्थांनी सासूबाईंचे पोट आणि मन दोन्ही भरले. त्यांच्यासाठी नंतर आलेल्या भाजलेल्या भाज्या साधारण होत्या, आमचा मासाही साधारणच होता. एकाच वेळी शेकडो ताटे वाढायची असतात तिथे याहून वेगळी अपेक्षा ठेवू नये. केवळ जेवणासाठी ही क्रूझ घेऊ नये, एवढेच जेवणाबद्दल सांगण्यासारखे आहे.

बोट सुटली आणि पहिल्या काही मिनिटांतच मला सर्वांत महत्त्वाची गोष्ट कळली, जी कोणत्याही वर्णनात वाचायला मिळाली नव्हती. खिडकीजवळचे टेबल मिळावे म्हणून आम्ही आग्रह धरला होता, पण आत दिवे लखलखत असल्यामुळे काचेत दिसत होते ते आमचेच चेहरे, पेले आणि पलीकडच्या टेबलावरचा मेणबत्तीसारखा छोटा दिवा. काबाताशच्या अगदी लगत असलेला दोल्माबाहचे राजवाडा, ज्याची पाण्यावरची दर्शनी बाजू सुमारे ६०० मीटर लांब आहे, तोसुद्धा काचेतून एका फिकट पिवळ्या पट्ट्यासारखा सरकून गेला. मी डोळ्यांच्या दोन्ही बाजूंना हात धरून काचेला नाक लावले तेव्हा कुठे खांब आणि कमानी दिसल्या. तेव्हाच मी ठरवले की पुढचा किनारा वरूनच पाहायचा.

वरचा डेक उघडा होता, थंडी चांगलीच होती आणि वर जेमतेम पाच-सहा माणसे होती. त्या डेकवर जे दिसले त्यासाठी मी पुन्हा पैसे देईन. चिरागान राजवाडा, त्यानंतर पाण्याला टेकलेली ओर्ताकॉयची मशीद आणि तिच्या डोक्यावर १९७३ साली खुला झालेला पहिला पूल, हे तिन्ही एका नजरेत येतात. पूल पाण्यापासून ६४ मीटर उंच आहे. त्याच्या खालून जाताना मान पूर्ण मागे टाकावी लागते आणि वरून धावणाऱ्या गाड्यांची अखंड घरघर ऐकू येते. त्याच्या तारांवरच्या दिव्यांचे रंग बदलत होते, निळ्याचा जांभळा, जांभळ्याचा लाल, आणि पाण्यावरही तेच रंग लांबट होऊन हलत होते.

पुलाच्या पुढे एक मोठे तेलवाहू जहाज आमच्या आणि आशियाई किनाऱ्याच्या मधून गेले. त्यावर मोजकेच दिवे होते, त्यामुळे जहाज असे दिसलेच नाही. किनाऱ्यावरचे दिवे एका टोकाकडून विझत गेले आणि काही क्षणांनी त्याच क्रमाने पुन्हा पेटत गेले, एवढेच दिसले. १९३६ च्या माँत्रो करारानुसार शांततेच्या काळात व्यापारी जहाजांना या सामुद्रधुनीतून मुक्त वाट आहे, त्यामुळे दीड कोटींच्या या शहराच्या ऐन मधून अशी अजस्र जहाजे रात्रंदिवस जातात. शहराच्या पोटातून महासागरी वाहतूक जाते म्हणजे काय, हे दिवसाच्या फेरीत कळले नव्हते.

सामुद्रधुनी सर्वांत अरुंद जिथे होते, सुमारे ७०० मीटर, तिथे युरोपच्या काठावर रुमेली हिसारी हा किल्ला आहे. ओटोमन सुलतान दुसऱ्या मेहमेदने कॉन्स्टँटिनोपल, म्हणजे आजचे इस्तंबूल, जिंकण्याच्या आदल्या वर्षी, १४५२ मध्ये, तो चार-साडेचार महिन्यांत बांधून घेतला, आणि समोरच्या काठावर त्याच्या पणजोबांच्या काळातला अनादोलू हिसारी आधीपासून होता. दोन किल्ल्यांच्या मधली वाट तोफांच्या माऱ्यात आली आणि काळ्या समुद्राकडून शहराला मिळणारी मदत तुटली. प्रकाशझोतात उजळलेले त्याचे बुरूज डोंगरउतारावर चढत जाताना पाहिले की ही लढाई नकाशाशिवाय समजते. आम्ही किल्ल्यांच्या देशातली माणसे. नाक्याच्या जागी किल्ला का बांधतात हे आम्हाला कुणी सांगावे लागत नाही. पती बराच वेळ तिथून हलले नाहीत.

पण नेमक्या त्याच वेळी खाली लोकनृत्यांचा कार्यक्रम ऐन भरात आला होता. ढोलाचा ठेका पायाखालच्या पत्र्यातून जाणवत होता. क्रूझ घेण्याजोगी आहे की नाही याचा विचार करणाऱ्याने ही गोष्ट सर्वांत आधी लक्षात घ्यावी असे मला वाटते. तीन गोष्टी एका तिकिटात मिळतात हे खरे, पण त्या एकापाठोपाठ मिळत नाहीत, एकाच वेळी मिळतात. किल्ला पाहायचा तर नृत्य सोडावे लागते, नृत्य पाहायचे तर ताट थंड होते, आणि शांतपणे जेवायचे तर किनारा काचेपलीकडे निघून जातो. पैसे तिन्हींचे द्यायचे आणि पदरात साधारण दीड पडायचे. हे मान्य असेल आणि आपल्याला त्यातले दीड कोणते हवे हे आधी ठाऊक असेल, तरच ही खरेदी पटते.

सासूबाई खालीच बसल्या होत्या, कारण वर येणारा जिना उभा होता, आणि कार्यक्रम त्यांनी पूर्ण पाहिला. काळ्या समुद्राकाठचे, खांदे थरथरवत करायचे होरोन नृत्य त्यांना फार आवडले. वधूच्या मेंदीचा प्रसंग नाचातून दाखवला तेव्हा त्या शेजारच्या टेबलावरच्या अनोळखी बाईंना खुणांनी आपल्याकडेही असे असते हे सांगत होत्या. बेली डान्स झाला, निवेदकाने पाहुण्यांच्या देशांची नावे पुकारून त्या त्या देशाचे गाणे वाजवले, भारताचे नाव आल्यावर हिंदी चित्रपटातले गाणे लागले आणि आमच्या टेबलाकडे टाळ्या झाल्या. ज्यांना अशा मेळाव्याची हौस आहे त्यांना यात आनंद मिळेल. त्या रात्री बोटीवर वाढदिवस साजरे करणारी कुटुंबे होती आणि ती मनापासून खूश दिसत होती.

खटकली ती एकच गोष्ट, दरवेशाचा सेमा. तो कार्यक्रमात सर्वांत आधी होता, मेझे चालू असताना. पांढऱ्या घेरदार वस्त्रातला, उंच लोकरी टोपी घातलेला एक तरुण मंचावर आला, त्याने छातीवर हात दुमडून नमस्कार केला आणि उजवा तळहात आभाळाकडे, डावा जमिनीकडे करून तो फिरू लागला. आठ-दहा मिनिटे तो फिरला. त्या वेळात वाढपी टेबलांमधून जात होते, बाटल्या उघडल्या जात होत्या, छायाचित्रे घेणारे उभे राहत होते. सासूबाईंनी हातातला चमचा खाली ठेवला आणि तो तरुण आत जाईपर्यंत काहीही खाल्ले नाही. नंतर म्हणाल्या, “कीर्तन चालू असताना पंगत वाढत नाहीत. तो देवाचं करत होता, आणि आपण खात होतो.”

त्यांना मी नंतर जे सांगितले ते इथेही सांगणे योग्य होईल. सेमा ही जलालुद्दीन रुमींच्या मेवलेवी पंथाची उपासना आहे. ती टोपी अहंकाराच्या थडग्यावरची शिळा मानतात आणि पांढरे वस्त्र त्याचे कफन. १९२५ साली तुर्की प्रजासत्ताकाने कायदा करून सर्व पंथांचे मठ बंद केले आणि त्याबरोबर सेमाही बंद झाला. पुढे १९५० च्या दशकात तो कोन्या शहरात रुमींच्या स्मृतिदिनानिमित्त लोकांसमोर सादर होऊ लागला, तो सांस्कृतिक कार्यक्रम म्हणून. म्हणजे आज प्रेक्षकांपुढे होणाऱ्या सेमाच्या मागे केवळ पर्यटनाचा बाजार नाही, एका बंदीचा इतिहासही आहे. युनेस्कोने २००५ मध्ये या विधीला मानवजातीच्या अमूर्त वारशात स्थान दिले. हे सगळे ऐकून घेतल्यावरही सासूबाईंचे मत बदलले नाही, आणि मला ते बदलावेसेही वाटले नाही. लोकांसमोर करणे वेगळे आणि दारूच्या पेल्यांच्या मध्ये करणे वेगळे, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. क्रूझवाल्यांनी कार्यक्रमातून सेमा वगळला तरी त्यांचे काही बिघडणार नाही; लोकनृत्ये पुरेशी रंजक आहेत.

त्या आठवड्यातल्या रविवारी आम्ही गालाता मेवलेवीहाने येथे गेलो. १४९१ मध्ये स्थापन झालेला हा मठ आता संग्रहालय आहे आणि तिथे पूर्ण सेमा सादर होतो. काराकॉयहून वर जायला १८७५ सालची ट्यूनेल ही जमिनीखालची छोटी रेल्वे आहे, त्यामुळे टेकडीचा चढ टळतो आणि मठ तिथून जवळच आहे. लाकडी अष्टकोनी दालन, प्रेक्षक गप्प, आधी स्तुतिगीत, मग नेय या बासरीचे एकटे आलाप, मग काळे झगे उतरवून एकेक दरवेश गुरूंपुढे झुकून फिरायला लागतो. चार फेऱ्या, शेवटी कुराणाचे पठण. सासूबाई तासभर हात जोडून बसल्या होत्या. तिकीट क्रूझच्या कोणत्याही पॅकेजच्या तुलनेत किरकोळ होते. ज्यांना सेमा पाहायचा आहे त्यांनी तो इथे किंवा अशाच ठिकाणी पाहावा, बोटीवर पाहू नये, असे मी निःशंकपणे सांगेन.

क्रूझच्या परतीच्या वाटेवर बोट आशियाच्या काठाने आली. बेयलरबेयी राजवाडा, उस्कुदारच्या मशिदी आणि पाण्यात एकटाच उभा असलेला कन्येचा मनोरा पाहण्यासाठी मी एका मदतनिसाचा हात मागून सासूबाईंना वर आणले. तोवर खाली केवळ नाचगाण्याची ध्वनिफीत चालू होती आणि बरेच लोक वर आले होते, त्यामुळे बसायला जागा शोधावी लागली. उतरताना आमचेच नकळत टिपलेले छायाचित्र एका चौकटीत घालून विकायला ठेवले होते. ते घेण्याची सक्ती नव्हती, आम्ही नको म्हटल्यावर विकणाऱ्याने ते काढून घेतले. बिलात जादा काही लावले गेले नाही, कारण कोणती पेये पॅकेजमध्ये आहेत याची यादी आम्ही बसतानाच मागून घेतली होती. हॉटेलवर पोहोचायला मध्यरात्र उलटून गेली.

पैसे वसूल झाले का, असे पतींना विचाराल तर ते नाही म्हणतील, कारण त्यांना हवा होता तो वरचा डेक, आणि त्यासाठी जेवण व नाच विकत घ्यावे लागले. सासूबाई हो म्हणतील. सेमाचा भाग सोडला तर त्या रात्रीबद्दल त्या अजूनही कौतुकाने बोलतात. माझे उत्तर असे की तिघांपैकी एकाला चालणे जमत नसताना, रात्रीचा बॉस्फरस पाहण्याचा याहून सोयीचा मार्ग मला सापडला नाही, म्हणून निर्णय योग्य होता. तिघेही धडधाकट असतो तर मी संध्याकाळची फेरी, मठातला सेमा आणि किनाऱ्यावरचे जेवण असे वेगवेगळे केले असते.

माझी नणंद येत्या जूनमध्ये तिच्या दोन लहान मुलांना घेऊन इस्तंबूलला जाणार आहे आणि तिने हाच प्रश्न मला विचारला. मी तिला नको असे सांगितले. जूनमध्ये बोट धक्क्याला बांधलेली असतानाच सूर्यास्त होऊन जाईल, आणि मुले कार्यक्रम संपायच्या कितीतरी आधी झोपेला येतील. बोट मध्येच सोडून उतरता येत नाही. त्याऐवजी सूर्यास्ताच्या आधी तासभर सुटणाऱ्या, जेवण नसलेल्या छोट्या बोटी असतात, त्यातली एक घे, तुरसाबचा क्रमांक पाहून घे आणि बोट दुसऱ्या पुलापर्यंत जाते की पहिल्याच पुलाखालून वळते, ते पैसे देण्यापूर्वी विचार, कारण रुमेली हिसारी दुसऱ्या पुलाच्या अलीकडेच आहे आणि मुलांना तो किल्ला दाखवायलाच हवा.